स्कॅन केलेलं मराठी पुस्तक अंध वाचकांना द्यायचंय, तर ओसीआरनंतर काय काय करावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचनालयाने आपली जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून पीडीएफ करून ठेवलीत, जवळच्या कॉलेजातले काही अंध विद्यार्थी ती मागतायत, आणि विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं असं की ओसीआर मारून (म्हणजे पानाच्या चित्रातून सॉफ्टवेअरने मजकूर काढून) वर्ड फाइल पाठवली तर चालेल ना, फॉरमॅटिंग करत बसायची काय गरज, त्यांना दिसणार थोडंच आहे.

ताई, फॉरमॅटिंगची खरी गरज त्यांनाच आहे. आपण पुस्तक हातात घेतलं की पानं फरफर उलटतो, जाड टाइप दिसला की प्रकरण कळतं, तळाला बारीक टाइप दिसला की तळटीप कळते, कोणी शिकवत नाही ते. ऐकणाऱ्याला यातलं काहीच आपोआप मिळत नाही, फाइलमध्ये कोणीतरी ते घालून ठेवावं लागतं. हेडिंगला खरं हेडिंग म्हणून स्टाइल दिली असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारा एच दाबून प्रकरणावरून प्रकरणावर उड्या मारतो (वर्डमध्ये आधी ब्राउज मोड चालू करावा लागतो एवढंच), अँड्रॉइड फोनवरच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरमध्येही हेडिंगवरून फिरता येतं. आणि नुसता बोल्ड करून फॉन्ट मोठा केलेला असेल तर त्याच्यासाठी तुमचं तीनशे पानांचं पुस्तक म्हणजे एक सलग परिच्छेद आहे, सातवं प्रकरण कुठे सुरू होतं ते शोधायला त्याने सहा प्रकरणं ऐकायची.

चुकांबद्दल मात्र जरा वेगळं सांगतो. अंध वाचक ओसीआरच्या कचऱ्याला सरावलेले असतात, ‘विद्यार्थ्यार्ंना’ असलं काही आलं तरी ते मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातात. घात होतो तो ज्या चुका ऐकताना चूक वाटतच नाहीत त्यांच्यात. खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्याच चुका पकडण्याबद्दल आहे.

आधी दोन गोष्टी पटकन. कायद्याची भीती बऱ्याच वाचनालयांना वाटते, तर कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२ च्या पोटकलम १ मध्ये झेडबी हा खंड आला. त्याप्रमाणे प्रिंट वाचता न येणाऱ्या माणसासाठी सुलभ प्रत करायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही, मुख्य अटी अशा की वाचनालय सरकारमान्य असावं, नफा कमवायचा नाही, फार तर तयार करण्याचा खर्च घ्यायचा, आणि संस्था असाल तर ती प्रत नेहमीच्या बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यायची. म्हणजे वाचनालयाच्या सगळ्या सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची नाही. अशा सुलभ प्रतींसाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २०१३ चा, भारताने तो २०१४ मध्ये मंजूर केला, करणाऱ्यांत आपला देश पहिला होता. दुसरी गोष्ट, काम सुरू करायच्या आधी सुगम्य पुस्तकालयात शोधा. २०१६ पासून ती ऑनलाइन लायब्ररी चालू आहे, डेझी फोरम ऑफ इंडिया (सुलभ पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थांचं जाळं) याच्या सदस्य संस्था तिथे पुस्तकं टाकतात. बुकशेअर या अशाच आंतरराष्ट्रीय ऑनलाइन लायब्ररीतही बघा. कोणीतरी आधीच केलेलं पुस्तक पुन्हा करण्यात महिना घालवण्यात काही अर्थ नाही. शाळेचं पुस्तक असेल तर बालभारतीच्या साइटवर पीडीएफ मिळते, स्कॅन करायचीच गरज नाही. आणि पुस्तक गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं असेल तर प्रकाशकाला फोन करून बघा, डीटीपीची फाइल मिळाली तर निम्मं काम वाचतं, फक्त ती श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटर-फोनवर सारख्या वाचल्या जाणाऱ्या पद्धतीत) करून घ्यावी लागते, नाहीतर कॉपी केल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी येते.

स्कॅन स्वच्छ असेल तर पुढचं सगळं सोपं, घाण असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर वाचवत नाही. ३०० डीपीआय, बारीक टाइप असेल तर ४००, आणि ग्रेस्केल. नुसतं काळंपांढरं करू नका, जुन्या पुस्तकात अनुस्वाराचा टिंब आणि रफाराची रेघ इतकी पुसट असते की काळंपांढरं करताना तीच आधी उडते. पातळ कागदावर मागच्या पानाची छपाई दिसत असेल तर पानामागे काळा कागद ठेवून स्कॅन करा. शिवणीकडच्या ओळी वाकड्या होतात तिथे शब्द खातातच, म्हणून पुस्तकाची दुसरी प्रत असेल आणि वाचनालयाची हरकत नसेल तर बाइंडरकडून पुठ्ठा काढून कडा कापून सुटी पानं करून घेणं सगळ्यात उत्तम. दुर्मिळ पुस्तकाला मात्र हात लावू नका. आधीच स्कॅन झालंय तर स्कॅन टेलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, पानं सरळ करणं, कडा छाटणं, दोन पानं एकत्र स्कॅन केलेली असतील तर वेगळी करणं हे सगळं करतं.

ओसीआरसाठी टेसरॅक्ट फुकट आहे आणि त्यात मराठी आहे, भाषा निवडताना हिंदी नको, मराठीच घ्या. गूगल ड्राइव्हमध्ये टाकून गूगल डॉक्सने उघडलं तरी ओसीआर होतं आणि बऱ्याचदा टेसरॅक्टपेक्षा चांगलं होतं, पण मोठी पीडीएफ एकदम टाकू नका, मागची पानं गळतात आणि कळतही नाही. छोटे छोटे तुकडे करून टाका आणि प्रत्येक तुकड्याचं पहिलं आणि शेवटचं पान आलंय ना ते बघा. तळटिपा, तक्ते आणि दोन कॉलम यात दोन्ही गडबडतात. दिवाळी अंक असेल तर कॉलम आधीच कापून वेगळे करा, नाहीतर डाव्या कॉलमची अर्धी ओळ, उजव्या कॉलमची अर्धी ओळ आणि मध्ये साबणाची जाहिरात, असं वाक्य तयार होतं.

आता मराठीतल्या चुका. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, प आणि ष, ही जोडगोळी सगळ्यांना माहिती आहे. त्यातल्या बऱ्याच चुकांनी अर्थहीन शब्द तयार होतो, तो वर्डमधल्या लाल रेघेने किंवा कानाने सापडतो. पण ‘भरण’ आणि ‘मरण’ दोन्ही शब्द आहेत, ‘भात’ आणि ‘मात’ दोन्ही आहेत, ‘संत’चा टिंब उडाला की ‘सत’ होतो, ‘वंश’चा ‘वश’ होतो. अनुस्वार तर फारच त्रास देतो कारण मराठीत तो आदर आणि अनेकवचन दोन्ही वाहतो, ‘त्यांचा’ चा ‘त्याचा’ झाला की कोणाचा कोण ते बदललं, आणि वाक्य मात्र ऐकायला अगदी ठीक.

सगळ्यात नडतो तो ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र. ओसीआर त्याचा सरळ रफार करतं, मग दऱ्याचा दर्या होतो, डोंगरदऱ्यांत फिरणारा माणूस समुद्रात जातो. ‘आचाऱ्यांनी जेवण केलं’ ऐवजी ‘आचार्यांनी जेवण केलं’ हे वाक्य तर कुठल्याही चेकरला सापडणार नाही. आणि जुन्या फॉन्टमधून कन्व्हर्ट केलेलं असेल तर तिथे नुसती आडवी रेघ येते, ‘दुस-या’, ‘येणा-या’, ‘करणा-यांना’, पेपरवाल्यांच्या जुन्या साइटवर हे तुम्ही पाहिलं असेल. स्क्रीन रीडर त्याचा ‘दुस या’ करतो किंवा मध्ये ‘डॅश’ म्हणतो. यासाठी ‘-या’ आणि ‘-ह’ शोधा आणि एकेक बघून बदला, सगळे एकदम बदलू नका, कारण खरी जोडरेघही असते कुठे कुठे. शिवाय हा र दोन पद्धतीने टाइप होतो, एक ऱ ला हलंत देऊन आणि एक साध्या र नंतर न दिसणारा जोडक घालून. दिसायला दोन्ही सारखे, पण सर्च करताना एक सापडतो आणि दुसरा नाही, आणि तो न दिसणारा जोडक एखाद्या ॲपमधून कॉपीपेस्ट करताना गळाला की पुन्हा रफार. म्हणून पूर्ण फाइलमध्ये पहिलीच पद्धत ठेवा. तसंच ॲ चं, एकाच अक्षराचा ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला अॅ, दोन्ही असतील तर एकच करून टाका.

विसर्गाच्या जागी कोलन येतो, ‘दु:ख’ दिसायला ठीक, पण काही आवाज तिथे थांबून ‘दु’ आणि ‘ख’ वेगळे म्हणतात. आणि आकडे. आकड्यांसाठी एक पूर्ण वेगळी फेरी ठेवा, नुसते आकडे बघायचे, दुसरं काही नाही. १ आणि ९ यांच्यात ओसीआर सर्रास घोळ घालतं, २ चा र होतो, ५ चा प होतो. र आणि प ऐकू येतात तरी, पण १८११ चं १८९१ झालेलं ऐकणाऱ्याला कळायचा काही मार्गच नाही, आणि तो मुलगा तेच सन परीक्षेत लेखनिकाला सांगतो.

हल्ली बरेच जण एआयला पानाचा फोटो देतात आणि टेक्स्ट काढून घेतात. वेग जबरदस्त आहे, खोटं कशाला बोलू, साध्या छपाईच्या पानावर टेसरॅक्टपेक्षा कितीतरी स्वच्छ टेक्स्ट येतं. पण मला त्याचीच भीती वाटते. टेसरॅक्ट चुकलं की चुकलेलं दिसतं, एआय चुकलं की सुंदर मराठी वाक्य दिसतं. फाटलेल्या कोपऱ्यातले शब्द ते मनाने भरतं, एखादी ओळ गाळून वाक्य सांधून देतं, जुनं ‘नांव’ आणि ‘कांहीं’ सुधारून ‘नाव’ आणि ‘काही’ करतं, आणि ग्रामीण किंवा दलित साहित्यातले संवाद हळूच प्रमाण भाषेत आणून ठेवतं, ‘व्हतं’ चं ‘होतं’, ‘न्हाई’ चं ‘नाही’. हे पुस्तकाशी आणि वाचकाशी दोघांशीही बेइमानी आहे. वापरायचं असेल तर वापरा, पण एकेक पान द्या, आहे तसं उतरवायला सांगा, आणि मूळ पान शेजारी ठेवून ओळन्‌ओळ ताडून बघा, नुसतं वाचून प्रूफ झालं असं समजू नका. मी तर टेसरॅक्टचं आणि याचं अशी दोन्ही आउटपुट शेजारी टाकून फरक बघतो, जिथे दोघांत फरक येतो तिथे मूळ पान बघायचं. फरक नाही तिथेही चूक असू शकते, पण कमी.

जुन्या शुद्धलेखनाचं काय करायचं हा प्रश्न नेहमी येतो. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, त्याआधीच्या पुस्तकांत न उच्चारायचे अनुस्वार भरपूर, ‘मुलें’, ‘घरांत’, ‘केलें’, आणि मशीनचा आवाज ते सगळे नाकात म्हणतो, ऐकायला खरंच कंटाळवाणं होतं. कार्यकर्त्यांना वाटतं काढून टाकावेत. माझं मत असं की मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा. एमए मराठी करणाऱ्या अंध मुलीला त्या काळातलं लेखन कसं होतं हे माहिती असायचा तेवढाच हक्क आहे जेवढा डोळस मुलीला आहे. कोणी खास मागितलीच तर ऐकण्यासाठी वेगळी प्रत करा आणि पहिल्या पानावर स्पष्ट लिहा की लेखन बदललंय. छापील पुस्तकातच मुद्रणदोष असेल तर तोही ठेवा, फार तर चौकोनी कंसात टीप द्या. वाचता न आलेल्या जागी ‘[अवाचनीय]’ लिहा, पान नसेल तर ‘[पान ४५ व ४६ मूळ प्रतीत नाही]’, अंदाजाने भरू नका. आणि तो च आणि ज चा उच्चार, चमचा मधला आणि चंद्र मधला, तो मशीन चुकणारच, त्यासाठी अक्षराखाली नुक्ते देऊन उच्चार सुधारायचा उद्योग काही हौशी मंडळी करतात, कृपा करून करू नका, ब्रेलवर वाचणाऱ्याच्या बोटाखाली ते नुक्ते येतात आणि तो गोंधळतो.

आता साफसफाई. ओसीआरच्या टेक्स्टमध्ये प्रत्येक ओळीनंतर एंटर असतो, आवाज प्रत्येक ओळीला थबकतो, वाक्याचा जीव जातो. वर्डच्या रिप्लेसमध्ये परिच्छेदाची खूण म्हणजे कॅरेट आणि त्यापुढे पी (^p). आधी लागोपाठच्या दोन खुणांच्या जागी एखादं वेडंवाकडं चिन्ह टाका, तीन ॲट वगैरे, मग उरलेल्या एकेकट्या खुणांच्या जागी स्पेस, मग त्या चिन्हाच्या जागी परत परिच्छेदाची खूण. कविता असेल तिथे हे करू नका, आधी ती बाजूला काढून ठेवा. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द जोडा. पानाच्या डोक्यावर पुस्तकाचं नाव, प्रकरणाचं नाव छापलेलं असतं ते काढा, नाहीतर ‘तिने दार उघडलं आणि’ नंतर पुस्तकाचं नाव, ११७, ‘समोर बघितलं तर’ असं ऐकू येतं. रांगेने मारलेले एंटर काढा (स्क्रीन रीडर प्रत्येकाला ‘ब्लँक’ म्हणतो), नवं प्रकरण नव्या पानावर हवं तर पेज ब्रेक घाला. ‘प्र क र ण’ अशी सुटी अक्षरं जोडा. सजावटीच्या तीन चांदण्यांच्या जागी काही मजकूर नको असेल तर एक मोकळी ओळ पुरते. टेक्स्ट बॉक्स अजिबात नको, त्यातला मजकूर वाचताना बऱ्याचदा सुटून जातो, चौकटीतला मजकूर साध्या परिच्छेदात आणा, वर ‘चौकट’ असं लिहा आणि संपल्यावर ‘चौकट समाप्त’.

हेडिंग वनला प्रकरण, हेडिंग टूला पोटमथळा, मधली पायरी सोडायची नाही. पुस्तकाचे भाग असतील तर भाग हेडिंग वन आणि प्रकरणं टू. अनुक्रमणिका मूळ आहे तशी ठेवा, लिंक दिल्यात तर उत्तम.

पानांचे नंबर ठेवायचे की नाही यावर लोक भांडतात. माझं सरळ आहे, अभ्यासाचं किंवा संदर्भाचं पुस्तक असेल तर ठेवायचेच, कारण प्राध्यापक वर्गात ‘पान ६२ काढा’ म्हणतात आणि प्रबंधात पृष्ठांक द्यावा लागतो. पान जिथे सुरू होतं तिथे वेगळ्या ओळीत नंबर, पानाच्या कडेला शब्दच तुटला असेल तर पूर्ण शब्द आधीच्या पानावर घेऊन मग नंबर. डेझी कन्सॉर्शियमचं वर्डटूइपब नावाचं फुकट टूल आहे, ते वर्ड फाइलचं इपब म्हणजे ई-बुक करतं, त्यासाठी नंबरला ‘पेज नंबर डेझी’ ही स्टाइल दिली की इपबमध्ये पानांची यादी तयार होते आणि वाचक थेट पानावर जाऊ शकतो, वाचताना नको असेल तर बऱ्याच रीडरमध्ये नंबर ऐकू न येण्याची सोय असते. कादंबरी साध्या वर्डमध्ये देणार असाल तर नंबर काढले तरी चालतील, रहस्यकथेच्या ऐन रंगात ‘पान एकशे तीन’ कोणाला नको असतं.

तळटिपा वर्डच्या खऱ्या तळटिपा म्हणून घाला, वर चढवलेला आकडा हाताने टाइप करू नका, नाहीतर ‘१६४५’ नंतर लगेच टीप ३ असेल तर आवाज ‘सोळा हजार चारशे त्रेपन्न’ म्हणून मोकळा होतो. कोणाला साधी टेक्स्ट फाइल हवी असेल तर सगळ्या टिपा प्रकरणाच्या शेवटी घ्या आणि मजकुरात ‘[टीप ३]’ लिहा.

अभंग, ओव्या यांच्यासाठी जरा थांबा. ओसीआर दुहेरी दंडाची हमखास वाट लावतं, त्याचे दोन एक होतात, मग ‘॥१॥’ चं ‘१११११’ होतं आणि पहिल्या ओवीला अकरा हजार एकशे अकरा नंबर मिळतो. खरा दुहेरी दंड घाला, दोन एकेरी दंड जोडून नको. प्रत्येक चरण नव्या ओळीत, कडव्याच्या आत शिफ्ट एंटर, कडवं संपलं की एंटर, म्हणजे वाचक कडव्याकडव्याने पुढे जाऊ शकतो.

व्याकरणाची, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं सगळ्यात जास्त मागितली जातात आणि तीच सगळ्यात किचकट. ‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ असा प्रश्न असतो, स्क्रीन रीडर अधोरेखन आपणहून सांगत नाही, म्हणजे प्रश्नच गायब. वाक्यानंतर कंसात ‘अधोरेखित शब्द: हळूहळू’ असं लिहावंच लागतं. रिकाम्या जागेचे टिंब काढून ‘रिकामी जागा’ असे शब्द लिहा. जोड्या लावा असेल तर दोन कॉलमचा साधा तक्ता, पहिली ओळ मथळ्याची, सेल एकत्र जोडलेले नकोत. वृत्तांच्या प्रकरणात अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा असतात, अर्धचंद्र आणि आडवी रेघ, त्या ओसीआरमधून काहीच्या काही होऊन येतात, त्या जागी चरणाखाली वेगळ्या ओळीत ‘ल गा गा’ असं लिहून टाका, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला सांगा की ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू. पर्यायांची उत्तरं तळाला उलटी छापलेली असतात ती स्कॅन फिरवून घ्या आणि प्रकरणाच्या शेवटी वेगळं हेडिंग देऊन टाका, प्रश्नाच्या लगेच खाली नको, नाहीतर विचार करायच्या आत उत्तर ऐकू येतं.

इतिहासाच्या पुस्तकातली वंशावळ घ्या. भोसले घराण्याची वंशावळ चित्र म्हणून सोडली तर ‘ग्राफिक’ एवढंच ऐकू येतं, आणि ओसीआरने काढली तर ‘शहाजी संभाजी शिवाजी व्यंकोजी संभाजी राजाराम शाहू शिवाजी संभाजी’ अशी माळ येते, यातला कुठला संभाजी कोणाचा? रेषांनी जे सांगितलंय ते आकड्यांनी सांगावं लागतं. १ शहाजी. १.१ संभाजी, १.२ शिवाजी, १.३ व्यंकोजी. मग १.२.१ संभाजी, १.२.२ राजाराम. १.२.१.१ शाहू. १.२.२.१ शिवाजी, १.२.२.२ संभाजी. शक्य असेल तर ‘राजाराम आणि ताराबाई यांचा मुलगा’, ‘राजाराम आणि राजसबाई यांचा मुलगा’ असं मूळ वंशावळीत दिलेलं असेल तर तेही. नकाशाला सगळं वर्णन करत बसू नका, त्या पानावर तो नकाशा कशासाठी दिलाय ते बघा आणि तेवढंच दोन-तीन वाक्यांत सांगा. लेखकाचा फोटो असेल तर ‘लेखकाचं छायाचित्र’ एवढं पुरे, चेहऱ्याचं रसग्रहण नको.

भाषेचा टॅग लोक विसरतात. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडून भाषा मराठी करा, इंग्रजी उतारे निवडून त्यांना इंग्रजी. टॅग हिंदी राहिला तर काही फोनवर हिंदी आवाज सुरू होतो आणि मराठी पुस्तक हिंदी उच्चारात ऐकावं लागतं, ळ चं तर विचारू नका. एनव्हीडीएबरोबर येणारा इ-स्पीक मराठी बोलतो, यांत्रिक आहे पण सरावलेले लोक तोच भरधाव वेगाने ऐकतात. एज ब्राउझरच्या रीड अलाउडमध्ये आरोही आणि मनोहर हे मराठी आवाज आहेत, ते नवख्या माणसाला बरे वाटतात.

सगळे काही पूर्ण अंध नसतात. कमी दिसणारे आहेत, डिस्लेक्सिया असलेले आहेत, हातात पुस्तक धरता न येणारे आहेत, कायद्याने हे सगळे यात येतात. मोठ्या टाइपची छापील प्रत काढायची असेल तर किमान १८ पॉइंट, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी सारखा सुटसुटीत फॉन्ट, मजकूर डावीकडून सरळ आणि उजवी कड मोकळी सोडायची. ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, आपल्याकडे वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात, ओळी चिकटल्या की एकीचे उकार दुसरीच्या वेलांट्यांत अडकतात.

द्यायचं कशात? वर्ड फाइल मुख्य म्हणून ठेवा, तिच्यातून वर्डटूइपबने इपब, आणि मागितली तर युटीएफ-८ मधली टेक्स्ट फाइल. आपल्याकडे कितीतरी जण फोनवर ॲट व्हॉइस अलाउड सारख्या ॲपमध्ये ऐकतात, त्यांना टेक्स्ट किंवा इपब बरा पडतो, कॉम्प्युटरवर थोरियम रीडर फुकट आहे. पीडीएफ देऊच नका, सर्चेबल असली तरी, चित्रामागे लपवलेल्या टेक्स्टला ना हेडिंग असतं ना वाचनाचा क्रम, आणि त्यातल्या ओसीआरच्या चुका तुम्हाला दिसतही नाहीत कारण वर स्वच्छ चित्र असतं. ब्रेल छापून देणार असाल तर आधी संस्थेशी बोला, छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं सहज होतात, तीनशे पानांचं पुस्तक म्हणजे खंडच्या खंड. ज्यांच्याकडे रिफ्रेशेबल ब्रेल डिस्प्ले (स्क्रीनवरचा मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उठवणारं यंत्र) आहे ते तुमची तीच वर्ड फाइल बोटांनी वाचतात, आणि त्यांना मात्र ऱ्हस्वदीर्घाची प्रत्येक चूक लागते जी ऐकणाऱ्याच्या कानावरून निसटून जाते. म्हणून प्रूफ दोनदा, दोन वेगळ्या माणसांनी. एकाने मूळ पान शेजारी ठेवून डोळ्यांनी, दुसऱ्याने ऐकून, शक्यतो अंध वाचकानेच, आणि त्याला त्या कामाचे पैसे द्या, चहा पाजून करून घेऊ नका. मराठी विकिस्रोतवर पानागणिक दोन वेगळ्या लोकांनी तपासायची पद्धत आहे, ती बघून घ्या, तशीच साधी एक्सेल शीट केली तरी काम भागतं, पान नंबर, कोणी तपासलं, दुसऱ्यांदा कोणी तपासलं.

पाठवायच्या आधी मॉनिटर बंद करून एनव्हीडीए चालू करा आणि फक्त कीबोर्डवर चौथ्या प्रकरणातली एखादी तळटीप शोधून परत मजकुरात येऊन दाखवा. तुम्हाला जमलं नाही तर त्यांनाही वैताग येणार. फाइलच्या पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्ती आणि साल, कुठल्या छापील प्रतीवरून केलं, काय काय बदललं किंवा गाळलं, आणि ही प्रत फक्त प्रिंट वाचता न येणाऱ्यांसाठी आहे ही ओळ. फाइलच्या नावात ‘फायनल २ नवी’ नको, पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं आडनाव असू दे.

आणि चाळीस पुस्तकं एकदम हातात घेऊ नका. त्या विद्यार्थ्यांना विचारा परीक्षा कधी आहे आणि कुठलं पुस्तक कुठेच मिळत नाही, ते आधी. टीममधले सगळे नवे असतील तर सरावाला एखादा छोटा कथासंग्रह घ्या, तळटिपा नाहीत, तक्ते नाहीत, आणि व्याकरणाचं पुस्तक मागत असतील तर त्यातलं त्यांना या महिन्यात लागणारं एक प्रकरण आधी करून पाठवा, पूर्ण पुस्तक व्हायची वाट बघत बसू नका. वंशावळ, वृत्त किंवा गणिताचं पान अडलं तर ते पान इथेच टाका, बघून सांगतो.